डेकखालची पेट्रोल टाकी: सील नक्की कशाला करायचं?

पाचवं_वल्हं (धागाकर्ता)

मंडळी, साडेपाच मीटरची फायबरची होडी आहे. मागे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन), डेकखाली पेट्रोलची टाकी. वापरलेलीच घेतली होती, त्याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून तळात साचणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुष्य दिसायला लागलं आणि झाकण उघडलं की पेट्रोलचा भपकारा. नळ्या बदलल्या, क्लॅम्प आवळले, वास जागच्या जागी. शेवटी मन घट्ट करून डेक कापला.

टाकी चारी बाजूंनी पिवळ्या फोममध्ये पुरलेली निघाली. ती मोकळी करण्यात दोन दिवस गेले. वरचा फोम कोरडा ठणठणीत, खालचा चार बोटं मात्र भिजलेला. तुकडा मुठीत दाबला तर पाणी ठिबकलं. टाकी पालथी केली तर तळाला पांढरी भुकटी. ती नखानं खरवडली की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि त्यातल्या तिघांतून उजेड आरपार. गंमत म्हणजे टॉर्च टाकून बघितलं तर आतला पत्रा नव्यासारखा चकचकीत.

नवी टाकी तशीच अल्युमिनियमची, ९० × ५० × २० सेंमी, म्हणजे ९० लिटर. माझा बेत असा: या वेळी फोम चांगल्यातला, काठोकाठ ओतायचा. वर डेकची फळी कायमची पकड धरणाऱ्या पॉलीयुरेथेननं चिकटवून टाकायची. पाण्याचा थेंब आत जायला नको. काही चुकतंय का?

निवांत_गळ

खुर्ची टाकून बसलोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तळपाणी

चुकतंय. पण आधी सांगा, डेक कशानं कापलात? पेट्रोलचा वास असलेल्या होडीवर ग्राइंडर चालवला असेल तर धागा काढायला तुम्ही शिल्लक आहात हेच नवल.

आता टाकीचं. आतून चकचकीत, बाहेरून चाळण, हे तुम्हीच लिहिलंय. मग टाकी खाल्ली कुणी? पेट्रोलनं नाही, बाहेरच्या पाण्यानं. अल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तेच त्याचं चिलखत. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की थर पुन्हा धरतो. पण ओला फोम, ओलं लाकूड, ओला गालिचा असलं काही अंगाला चिकटून बसलं की तिथे हवा पोचत नाही. तुटलेला थर तुटलेलाच राहतो आणि खारं पाणी त्याच ठिपक्यात खोल खोदत जातं. ती पांढरी भुकटी म्हणजे तुमचं गेलेलं अल्युमिनियम. पत्रा सगळीकडून सारखा झिजत नाही, म्हणून वरून टिचकी मारून बघितलं तर अशी टाकी अगदी धडधाकट वाजते.

फोम काठोकाठ ओतला तरी होडी लाटेवर पिळते, टाकी उन्हात फुगते, गारव्यात आकसते. काही वर्षांत पत्रा आणि फोम यांच्यात केसाएवढी फट पडतेच. पाण्याला तेवढी पुरते. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. वरून जितकं घट्ट चिकटवाल तितका त्याचा मुक्काम लांबेल.

सांधे सील करा. टाकीला मोकळं ठेवा.

पाचवं_वल्हं

ग्राइंडर नाही हो! आधी टाकी उपसली, बॅटरी उचलून घरी नेली, दोन दिवस सगळं उघडं ठेवलं, मग हातकरवत. खांदे अजून दुखतायत.

पण होडी बांधणाऱ्यांनीच फोम ओतला होता ना? ते काय वेडे होते?

नियमावली

वेडे नव्हते. फोमला मनाई नाही, अटी आहेत. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांत (भाग १८३) धातूची टाकी फोममध्ये बसवायची तर फोमची पत्र्याला पकड फोमच्या स्वतःच्या मजबुतीपेक्षा जास्त हवी. म्हणजे ओढलं तर फोम फाटावा, पत्र्यावरून सुटू नये. फट पडू नये म्हणूनच ही अट. शिवाय सगळे जोड, फिटिंग आणि टाकीवरची माहितीची पट्टी (लेबल) तपासायला हाताशी राहायला हवी. कारखान्यात ताजा पत्रा घासून, ठरल्या तापमानाला फोम ओततात. आपण घरी डब्यातली दोन द्रावणं ढवळून ओततो. पकड किती आली हे कळायला मार्ग नाही.

त्याच नियमांतल्या आणखी काही गोष्टी कामाच्या आहेत. पेट्रोल टाकीची सगळी भोकं माथ्यावर किंवा माथ्याहून वर हवीत. तळाला नळ लावायचा नाही. धातूच्या टाकीच्या माथ्यावर पाणी साचता कामा नये, वाहून गेलं पाहिजे. टाकीनं डेकचा भार पेलायचा नाही. पत्र्याच्या टाकीची चाचणी किमान ३ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला. भरण्याच्या वाटेतले धातूचे भाग अर्थ केलेले हवेत, रोध १०० ओहमच्या आत.

हे नियम आउटबोर्डच्या होड्यांना कायद्यानं लागू नाहीत, हे मीच सांगतो, नाहीतर कोणीतरी येऊन दात काढेल. पण पेट्रोलच्या वाफेला इंजिन कुठे बसवलंय ते कळत नाही.

निवांत_गळ

दात काढायलाच आलो होतो. परत जातो.

उलटी_भरती

तीनच भोकं आहेत म्हणता. जुनीलाच वेल्डिंग मारून घेतलं तर? टाकी तर रिकामीच आहे.

रबरी_वायसर

@उलटी_भरती, "रिकामी आहे" हाच धोका आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, वाफ पेटते, तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हा. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती या पट्ट्याच्या वर असते. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं पेटायच्या पट्ट्यात येतं. सांध्यात, आतल्या आडव्या पत्र्यांमागे चमचाभर पेट्रोल राहिलं तरी पुरतं. पाण्यानं दोनदा खळबळली म्हणून ती स्वच्छ होत नाही. हे काम वाफ काढून, निष्क्रिय वायू भरून, मीटर लावून करणाऱ्यांचं.

आणि केलंत तरी तीन भोकं बुजतील. बाकीचे चाळीस खड्डे पत्र्याच्या पाऊण जाडीपर्यंत पोचलेले असतील त्यांचं काय? वेल्डिंगच्या उष्णतेनं त्यातले चार उघडतील. भंगारात घाला.

तळपाणी

+१. "जरासं ठिगळ" म्हणून गेलेले लोक माहितीत आहेत. जास्त लिहीत नाही.

पाचवं_वल्हं

ठीक, जुनी भंगारात. फोमही रद्द. पण मग टाकी बसवू कशी? खाली फायबरचा खड्डा आहे, तळाला दोन उभ्या फासळ्या. नुसती ठेवली तर हादऱ्यानं घासून जाईल ना?

रबरी_वायसर

जाईलच. नीट सांगते, कारण इथेच बहुतेक टाक्या मरतात.

खाली ६ मिमी जाडीच्या, पाच सेंमी रुंद निओप्रीनच्या पट्ट्या घ्या. पाणी न पिणारं रबर हवं. स्पंजासारखा प्रकार, नमदा, गालिचा नको. पट्टी टाकीच्या तळाला पॉलीयुरेथेननं चिकटवा आणि चिकटवताना कंजुषी करू नका. चारी कडांनी चिकट बाहेर ओघळला पाहिजे, मग बोटानं पुसून घ्या. नुसती मधे रेघ ओढून पट्टी दाबलीत तर कडेला फट राहते, त्या फटीत पाणी बसतं, आणि तुम्ही फोमचाच प्रकार लहान आकारात पुन्हा केलेला असतो. तुमच्या चिकटवायच्या बेतातली ती कायमची पकड इथे खर्च करा, डेकवर नाही.

पट्ट्या होडीच्या लांबीत लावा, म्हणजे तळातलं पाणी त्यांच्या मधून मागे वाहील. आडव्या लावल्यात तर प्रत्येक पट्टी एक धरण.

बाजूंना आणि माथ्यावर हवा खेळायला किमान ६ मिमी मोकळं ठेवा, जास्त मिळालं तर बरंच. पुढेमागे, डावीउजवीकडे अडण्या द्या आणि अडण्या टेकतात तिथेही रबर.

वरून धरणं लोक विसरतात. टाकी म्हणजे पेट्रोल, पेट्रोल म्हणजे वजन, ते खालीच राहणार, असं वाटतं. आता हिशोब करा. ९० लिटरची रिकामी टाकी, स्वतःचं वजन दहाबारा किलो. खड्ड्यात पाणी शिरून ती बुडाली तर पाणी तिला ऐंशी किलोच्या आसपास जोरानं वर ढकलतं. होडी आधीच संकटात आणि टाकी डेक उचकटून नळ्या तोडायला निघालेली. म्हणून वरूनही पट्टे हवेत. स्टेनलेसचा पट्टा असेल तर अल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, मधे रबर.

पितळी कोपरा सरळ अल्युमिनियमच्या आट्यात घुसवू नका. खाऱ्या हवेत ती बॅटरीच होते आणि खर्च अल्युमिनियम होतं. मधे ३०० जातीच्या स्टेनलेसचा अडॅप्टर किंवा वायसर घाला.

जुनी_शिडं

ताईंशी सहमत, एक भर. बसवण्यापूर्वी तळ घासून, एच प्रायमर (पत्रा किंचित कुरतडून पकड धरणारा अस्तराचा रंग) मारून, वर इपॉक्सीचे दोन हात द्या. कोल टार इपॉक्सी असेल तर सोन्याहून पिवळं. माझी टाकी अशीच रंगवलेली आहे, बावीस वर्षं झाली.

तळपाणी

शिडंभाऊ, तुमची बावीस वर्षं रंगामुळे की तुम्ही दर मोसमाला झाकण उघडून पुसता म्हणून? रंग नीट बसला तर उत्तम. पण अल्युमिनियमवर रंग नीट बसवणं सोपं नाही. घासल्यावर तासाभरात प्रायमर मारावा लागतो. आणि एक ओरखडा पडला की रंगाखाली फोड येतो. उघडा पत्रा बिघडला तर दिसतो तरी.

जुनी_शिडं

दर मोसमाला पुसतो हे खरं. तरी रंगवा म्हणेन.

पाचवं_वल्हं

दोन्ही वाचून फक्त तळ आणि खालचे चार बोटं रंगवतोय. बाजू उघड्या.

पुढचा प्रश्न. टाकी आली. चाचणी ३ पीएसआयला म्हणता, पण माझ्याकडचा गेज टायरचा आहे. त्यावर ३ म्हणजे काटा जागचा हललाय की नाही इतकंच कळतं.

रबरी_वायसर

टायरचा गेज ठेवून द्या. पारदर्शक नळी आणा, पाच-सहा मीटर. इंग्रजी यू सारखी शिडीला बांधा, अर्धी पाण्यानं भरा, दिसायला थोडी शाई घाला. एक तोंड टाकीला, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात २१० सेंमीचा फरक पडला की तेच ३ पीएसआय. यात मिलिमीटर दिसतो. चुकून जास्त हवा मारलीत तर पाणी तुमच्या अंगावर उडेल, टाकी फुटण्याआधी कळेल.

आणि "तीनच तर पीएसआय" म्हणून कॉम्प्रेसर जोडू नका. तुमच्या टाकीचा माथा ०.४५ चौ. मीटर आहे. ३ पीएसआयला त्या पत्र्यावर आतून साडेनऊशे किलोंचा रेटा येतो. सायकलचा पंप, हळूहळू, आणि तोंड टाकीवर वाकवून उभं राहायचं नाही.

नवी, पेट्रोल न पाहिलेली टाकी आहे तोवरच हे उरकून घ्या.

पाचवं_वल्हं

मंडळी, वाईट बातमी. अंगणात टाकी ठेवली, सेंडर (टाकीतली पेट्रोलची पातळी सांगणारं यंत्र) आणि सगळी फिटिंग बसवली, पन्नास-साठ पंप मारले, २१० सेंमी आलं. दहा मिनिटांनी बघतो तर १९२. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, वेल्डवर ब्रश फिरवला. एक बुडबुडा नाही. टाकी बनवणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला आम्ही तपासूनच देतो. अर्धा तास रागात चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर २०५! मी पंपाला हात लावलेला नाही. नळी भुताळी आहे का?

निवांत_गळ

आता खुर्ची पुढे ओढली.

रबरी_वायसर

भूत नाही, ढग. मधे ऊन गेलं होतं का? गळालेली हवा आपली आपण टाकीत परत येत नाही. म्हणजे खाली-वर करणारं तापमान आहे. बंद टाकीतली हवा १ अंशानं थंड झाली की तुमच्या नळीत साधारण ४ सेंमी उतरतं. १८ सेंमी म्हणजे साडेचार अंश. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ढग आला तर दहा मिनिटांत इतकं सहज होतं. याच्या उलटही होतं, ते जास्त वाईट: टाकी तापत असते, दाब वाढत असतो आणि खरी गळती त्यात लपून जाते. तुम्ही खूश होऊन टाकी बसवता.

सावलीत, बंद खोलीत, पहाटे करा. टाकीला थर्मामीटर चिकटवा. आणि बनवणाऱ्याची माफी मागा.

पाचवं_वल्हं

ढगच होता. माफी मागितली.

आज पहाटे साडेपाचला, शटर ओढून, थर्मामीटर लावून पुन्हा केलं. तापमान हललं नाही. २१० वरून तासाभरात १९८, आणि या वेळी परत वर नाही. म्हणजे बनवणाऱ्याचा वेल्ड शाबूत असला तरी गळती आहेच. पुन्हा साबण. सेंडरच्या पाच स्क्रूंपैकी एकाच्या डोक्याभोवती, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे, एकामागून एक, न थांबता. चष्मा पुसून बघितल्यावर दिसले. गॅस्केट मात्र कोरडं.

स्क्रू तर गच्च आवळलाय. मग हवा येते कुठून?

रबरी_वायसर

स्क्रूच्या आट्यांतूनच. टाकीवरच्या रिंगची भोकं आरपार असतील. काडी घालून बघा, लागली का. आरपार असली तर आटा म्हणजे टाकीच्या आतून बाहेर येणारा गोल जिना. गॅस्केट कितीही चांगलं असो, ते सेंडरच्या पानाखालून (वरच्या चकतीखालून) जाणारी वाट अडवतं, स्क्रूच्या पोटातली नाही.

साधे वायसर काढून नायट्राइल रबर चिकटवलेले वायसर घाला आणि आट्यांना पेट्रोल सोसणारं, न सुकणारं गॅस्केट सिमेंट बोटभर लावा. आवळताना समोरासमोर, ताऱ्यासारखं, हातानं. गच्च आवळलंत म्हणता तेही नडलं असेल. पाचातला एक जास्त आवळला की पान वाकतं आणि शेजारचा सैल पडतो. दुसऱ्या दिवशी रबर बसलेलं असतं, तेव्हा पाव आटा आणखी.

जाता जाता: ती पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, सेंडर एकाच दिशेनं बसतो. बसत नाही म्हणून भोक मोठं करणारे महाभाग मी पाहिलेत.

उलटी_भरती

सिलिकॉन मारलं तर नाही का चालणार? घरात सगळ्याला तेच लावतो.

तळपाणी

पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, मऊ पडतं, सालपटासारखं निघतं आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतं. मोरीला लावा, टाकीला नको. टेफ्लॉनची टेपही आट्यांवर नको: तिचे धागे सुटून टाकीच्या तोंडाशी असलेल्या अँटी-सायफन वाल्वमध्ये (नळी तुटली तरी टाकीतलं पेट्रोल आपोआप ओघळू न देणारी झडप) अडकतात. तिथे एक गोळी आणि स्प्रिंग असते, तिला धाग्याएवढा कचरा पुरतो. मग इंजिन ऐन वेगात भुकेनं मरतं आणि लोक कार्बुरेटर खोलत बसतात. पेट्रोलला चालणारी आट्याची पेस्ट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून.

डेकवरच्या भरण्याच्या तोंडाखाली पॉलीसल्फाइड वापरा, सांडलेलं पेट्रोल तेच सोसतं. पण ते तोंड प्लास्टिकचं असेल तर थांबा, काही प्लास्टिकला पॉलीसल्फाइड चरे पाडतं. आणि डेकची फळी? ब्युटिलच्या टेपवर बसवा, स्क्रूनं आवळा. पाणी अडतं आणि हवं तेव्हा उचकटता येते. ब्युटिल पेट्रोलला टिकत नाही, तेव्हा ते भरण्याच्या तोंडापासून लांब.

पाचवं_वल्हं

वायसर बदलले. भोकं आरपारच होती. आज पहाटे २१० वरून दोन तासांत २०९, तापमान तेच. शाईचं पाणी बघत दोन तास बसणारा माणूस घरच्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

टाकी आत गेली, पट्टे लागले. आता नळ्या. भरण्याची ३८ मिमी, हवेची १६. काय बघू?

नियमावली

नळीवरचं लिखाण. इंजिनाकडे जाणारी एसएई जे१५२७ ची ए१-१५ किंवा आयएसओ ७८४० ची घ्या (दोन्ही होड्यांच्या इंधननळ्यांची मानकं). ए म्हणजे आगीत अडीच मिनिटं तग धरणारी. १५ म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ न सोडणारी. हो, चांगल्या नळीच्या भिंतीतूनही वाफ झिरपते, कुठेही गळत नसताना येणारा वास बरेचदा हाच. भरण्याच्या नळीला ए२ चालते, तिच्यात पेट्रोल उभं राहत नाही. तिला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प.

अर्थची तार भरण्याच्या तोंडापासून टाकीला आणि टाकीपासून अर्थला. रबरी नळी वीज नेत नाही, म्हणून धातूचं तोंड एकटं पडतं. तार नळीखाली दाबून क्लॅम्प आवळू नका, तिथून गळतं. तिच्यासाठी टाकीवर वेगळा कान असतो.

पाचवं_वल्हं

सगळं झालं, पहिल्यांदा भरायला गेलो. वीस लिटर गेले आणि नोझल खट्. पुन्हा दाबलं, दोन सेकंद, खट्. कसंबसं तीस भरलं, मागे रांग लागलेली. पंपावरचा माणूस म्हणाला टाकी भरली. साठ लिटरची जागा रिकामी आहे आणि टाकी भरली!

जुनी_शिडं

हवेच्या नळीला झोळ आहे. पैज.

रबरी_वायसर

पैज लावायची गरजच नाही. टाकीतली हवा बाहेर पडायला तीच एक वाट. नळी टाकीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत सतत चढती हवी. मधे झोळ पडला की उसळलेलं पेट्रोल तिथे साचतं आणि बुचासारखं बसतं. हवा अडते, पेट्रोल भरण्याच्या नळीत वर चढतं, नोझलच्या टोकाचं बारीक भोक बुडतं, आणि नोझल आपलं काम चोख करतं.

हीच नळी पुरती तुंबली तर उलटं होतं: इंजिन वीस मिनिटं चालतं, मग टाकीत पोकळी होते, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला हातानं दाबायचा फुगा चपटा पडून राहतो. फुगा चपटा दिसला की दोष फुग्याच्या मागे, टाकीकडे शोधायचा, इंजिनाकडे नाही.

पाचवं_वल्हं

झोळच. आतल्या कडेला नळी दोन चिमट्यांमध्ये हातभर लोंबत होती. मधे आणखी दोन चिमटे मारले. आज एका दमात ८५ लिटरपर्यंत. वरचे पाच मुद्दाम सोडले; पेट्रोल दर १० अंशाला साधारण १ टक्का फुगतं, तेवढी जागा नको का?

भरल्यावर तासभर फळी न लावता बसलो. नाक लावलं, सगळ्या सांध्यांवर कोरडा कागद फिरवला. काही नाही. मग ब्युटिल, मग फळी. सेंडरच्या वर हात जाईल एवढं गोल झाकण वेगळं ठेवलंय.

तळपाणी

पहिल्या मोठ्या पावसानंतर ते झाकण उघडून बघा आणि इथे लिहा.

पाचवं_वल्हं

धागा वर काढतोय. तीन दिवस धो धो पाऊस झाला. झाकण उघडलं: टाकीखाली पाणी गेलं होतं, पट्ट्यांच्या मधून मागे वाहून पाणी उपसायच्या पंपाकडे आलं. तळाला बोट फिरवलं, ओलं. संध्याकाळी पुन्हा फिरवलं, कोरडं. वास नाही.

निवांत_गळ

अवांतर: पिवळा फोम टाकून दिलात का?

पाचवं_वल्हं

एक तुकडा ठेवलाय. तीन महिने झाले, अजून दाबला की ओला लागतो.

उलटी_भरती

डिझेलला पण हे सगळंच का?

तळपाणी

बसवणं तेच, खालची पट्टी तीच, हवा तीच. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच जास्त तापेपर्यंत पेटायला पुरेशी वाफ सोडत नाही, म्हणून स्फोटाची भीती कमी. पण तळाला पाणी साचलं की डिझेलमध्ये शेवाळासारखा काळा चिकट गाळ वाढतो, तेव्हा पाणी काढायची सोय हवी. आणि जस्त चढवलेला पत्रा किंवा फिटिंग डिझेलला नको. बाकी नवीन धागा काढा, इथे बावीस स्क्रू आवळून झालेत.